तारण, हलगी आणि एक पदवी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजनहो आणि मंडळी,

‘मंडळी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत चर्चमध्ये जमणाऱ्या समाजाला मंडळीच म्हणतात. त्यामुळे सांगलीत कुणी “काय मंडळी, काय चाललंय?” म्हणालं, की मला आजही रविवार असल्यासारखं वाटतं.

आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, हळदीचे व्यापारी आहेत, दोघे जण बँकेत आहेत. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘एम.टीएच.’ छापलं आहे आणि सकाळपासून चौघांनी मला विचारलं, की एम.टेक. लिहिताना छपाईची चूक झाली का. चूक नाही. ‘मास्टर ऑफ थिऑलॉजी’, म्हणजे ख्रिस्ती ईश्वरविज्ञानातली पदव्युत्तर पदवी. ती घेतली म्हणजे मी नक्की काय केलं, हे सांगण्यासाठी संयोजकांनी दिलेली दहा मिनिटं वापरते.

आधी बी.डी. करावी लागते. त्यात हिब्रू आणि ग्रीक शिकायचं, जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास आणि इतर धर्मांचाही अभ्यास करायचा. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. पहिले सहा महिने माझ्या वह्या मागूनच सुरू व्हायच्या. ते शिक्षण मी पुण्याला घेतलं. मग दोन वर्षांच्या एम.टीएच.साठी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात गेले. वर्गात मिझोरामची, नागालँडची, केरळची, आंध्रची मुलं, आणि मराठी बोलणारी मी एकटी.

पदवी मात्र मिळते श्रीरामपूरची. हे ऐकून माझे मामा म्हणाले होते, “मग एवढ्या लांब बंगळूरला कशाला? नगरला जाऊन राहा की!” ते श्रीरामपूर वेगळं. हे बंगालमधलं, हुगळीच्या काठावरचं. तिथं १८१८ साली विल्यम कॅरी आणि त्यांच्या सोबत्यांनी कॉलेज काढलं. त्या वेळी ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद मिळाली ती डेन्मार्कच्या राजाची. आपल्या मराठीच्या सरांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे, याच कॅरींनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापला. मोल्सवर्थचा कोश त्यानंतर वीसेक वर्षांनी आला.

आता ईश्वरविज्ञानात शिकतात काय? एकच शब्द सांगते. ‘तारण’. आमच्या प्रार्थनेत, गाण्यात, उपदेशात हा शब्द शंभर वेळा येतो. तारण म्हणजे उद्धार. पण सांगलीच्या मार्केट यार्डात तारण म्हणजे काय, हे बँकेतल्या आपल्या मित्रांना विचारा. हळदीची पोती गोदामात ठेवून कर्ज उचलायचं, ते तारण. लहानपणी मला वाटायचं, हे दोन वेगळे शब्द असावेत. हिब्रू शिकल्यावर कळलं, की अर्थाच्या मुळाशी ते फार लांब नाहीत. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात नियम आहे, की गरिबीमुळे कुणाला जमीन विकावी लागली, तर जवळच्या नातेवाइकानं पुढं होऊन ती सोडवावी. अशा सोडवणाऱ्याला ‘गोएल’ म्हणतात. रूथच्या गोष्टीतला बवाज हेच करतो. आणि बायबलमध्ये पुढं देवालाच गोएल म्हटलं आहे. म्हणजे देव हा गहाण पडलेल्या माणसाला सोडवायला आलेला भाऊबंद. हे समजल्यावर मला तारण हा शब्द फक्त मेल्यानंतरच्या गोष्टींसाठी वापरता येईना. ज्याचं शेत गहाण आहे, त्याला हा शब्द आधी कळतो. आमचा अभ्यास म्हणजे असं रोजच्या शब्दांपाशी थांबणं.

प्रबंधासाठी विषय निवडायचा होता. मी सातारा निवडलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना रेव्हरंड नारायण वामन टिळक ठाऊक आहेत ते ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेमुळे, किंवा ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे पती म्हणून. चित्पावन ब्राह्मण घरातल्या टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अनेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यात राहिले. तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनाही त्यात जागा होती, अट एकच, ख्रिस्ताचं शिष्यत्व. मिशनचा आधार नको, परक्या रिवाजांचं ओझं नको, आपल्या मातीतली भक्ती हवी, असा तो विचार होता. मे १९१९ मध्ये टिळक गेले, म्हणजे दरबाराला त्यांच्या हयातीत पुरती दोन वर्षंही मिळाली नाहीत. तरी आमच्या ‘उपासना संगीता’त त्यांची पदं आजही आहेत. अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे मराठी ख्रिस्ती उपासनेत इतकं आपलं वाटतं, त्यात टिळकांचा वाटा फार मोठा आहे.

पण प्रबंध लिहिताना मी एका जागी अडले. टिळकांनी देवळाबाहेर ठेवलेली वीणा आणि टाळ चर्चमध्ये आणले. हलगी आणली नाही. ती कुणीच आणली नाही.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, मसूरच्या बाजूला. पणजोबा मांगवाड्यात राहायचे. दोर वळायचे आणि जत्रेत, लग्नात, मिरवणुकीत हलगी वाजवायचे. आमचं घर ख्रिस्ती झालं तेव्हा हलगी सुटली. ती देवीपुढं वाजायची, म्हणून सोडायची, असं सांगितलं गेलं. हार्मोनियम आली, तबला आला. हलगीला कुणी विचारलं नाही. मग ‘आपल्या मातीतली भक्ती’ म्हणताना माती कुणाची?

हा प्रश्न मला सुचला याचं श्रेय माझं नाही. मी ज्या कॉलेजात शिकत होते, तिथंच १९८१ साली अरविंद निर्मल यांनी एक भाषण केलं होतं. त्यांनी विचारलं, की भारतीय ख्रिस्ती ईश्वरविज्ञान इतकी वर्षं वेदान्ताशी आणि उच्चवर्णीय परंपरेशीच का बोलत बसलं? मंडळीत बहुसंख्य असलेल्या दलितांचा अनुभव त्यात कुठं आहे? त्या भाषणापासून दलित ईश्वरविज्ञानाची चर्चा उभी राहिली. निर्मल पुढं चेन्नईच्या गुरुकुलात हाच विषय शिकवत होते. अनुवादच्या सव्विसाव्या अध्यायावर त्यांनी मोठा भर दिला. तिथं शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन देवापुढं उभा राहतो आणि आधी स्वतःचा पूर्वज सांगतो. तो भटका होता, पुढं आम्ही गुलाम झालो, आम्हाला राबवलं, मग देवानं आमचा आक्रोश ऐकला. निर्मल यांचं म्हणणं असं, की दलित ख्रिस्ती माणसाचा विश्वासही इथूनच, स्वतःची गोष्ट न लपवता सांगण्यातून सुरू व्हायला हवा.

आणि साताऱ्याचंच पाहा. टिळकांचा दरबार जिथं भरला, त्याच गावात १९०० साली, सतरा वर्षं आधी, लहान भीमराव शाळेत दाखल झाले होते. वर्गात त्यांना वेगळं, स्वतःच्या गोणपाटावर बसावं लागे. मसूरच्या स्टेशनावर जात कळल्यावर त्या भावंडांना कुणी गाडीवान बैलगाडीत घेईना, ही हकिगत त्यांनीच पुढं लिहिली. एकाच जिल्ह्यातल्या या दोन गोष्टी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी होत्या. एक बाजूला ठेवून दुसरी लिहिणं मला जमण्यासारखं नव्हतं.

प्रस्तावनेत, आपण कुठं उभं राहून हा अभ्यास करतोय, ते लिहायचं असतं. म्हणजे मला घरची जात लिहावी लागणार होती. अण्णा एसटीत कंडक्टर होते, हे तुम्हाला आठवत असेल. त्यांच्याच बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून सांगलीला आलो आणि मी तुमच्या वर्गात आले. तुमच्यापैकी कुणालाही आमची जात ठाऊक नव्हती, कारण अण्णांनी ती ठाऊक होऊ दिली नव्हती. कायद्यानं तर आम्हाला ती नाहीच. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. कागदावर जात गेली, गावात राहिली.

मी फोनवर विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, “तीन पिढ्या लागल्या ते पुसायला. आता तू छापून ठेवणार?” मी म्हटलं, “तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार.” त्यांनी फोन ठेवला.

बारा दिवसांनी आंतर्देशीय पत्र आलं. त्यात आशीर्वाद नव्हता, राग नव्हता, नुसती माहिती होती. पणजोबांचं नाव. वाडा ओढ्याच्या कुठल्या अंगाला होता ते. हलगी वाजवण्याआधी विस्तवावर कशी शेकायची ते. आजोबांनी ती खुंटीला टांगली ती पुन्हा उतरवली नाही आणि पुढं चामडं उंदरांनी कुरतडलं, हेही. शेवटी एकच ओळ होती, “लिहायचं तर नीट लिही.”

प्रबंध इंग्रजीत झाला, तो नियमच होता. त्या पत्रातलं जे तिथं आलं, ते इंग्रजीत आलं. ‘खुंटीला टांगली’ याला इंग्रजीत शब्द मिळतात, पण ऐकणाऱ्याला जे कळायला हवं, ते कळत नाही. म्हणून पदवीनंतर मी परत आले. आता सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या लहान मंडळ्यांमध्ये उपदेश करणाऱ्यांसाठी मी मराठीत वर्ग घेते. शेतकरी, नर्सा, निवृत्त शिक्षक येतात. बंगळूरच्या वर्गात विचारले नव्हते असे प्रश्न इथं विचारतात. कर्जापायी जीव दिलेल्या माणसाचा दफनविधी करताना काय बोलावं? दाखल्यावर कुठला धर्म लिहावा? पुस्तक उघडून लगेच उत्तर सापडेल असे ते प्रश्न नाहीत. ते कुठून आले, आधी कुणी काय म्हटलं, कोणाचं म्हणणं ऐकायचं राहिलं, हे शोधण्याची सवय मात्र या शिक्षणानं लावली. मला विचाराल तर पदवीचा उपयोग तेवढा आणि तोच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मंडळीत हंगामाच्या उपासनेला तरुणांनी हलगी आणायचं ठरवलं. वडीलधाऱ्यांपैकी काहींनी हरकत घेतली, जत्रेचं वाद्य म्हणून. दोन बैठका झाल्या. शेवटी ठरलं, की धान्याच्या टोपल्यांची मिरवणूक चर्चच्या दारापर्यंत हलगीवर न्यायची, आत हार्मोनियम. त्या दिवशी अण्णा ऐंशीच्या पुढचे होते. त्यांनी पोरांच्या हातून हलगी घेतली, शेकोटीवर धरली, बोटानं वाजवून पाहिली आणि “अजून गरम करा” म्हणून परत दिली. ती अजून दाराच्या आत आलेली नाही. बैठका चालू आहेत.

जाता जाता एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या साताऱ्याच्या घरी माळ्यावर ‘ज्ञानोदय’चे जुने अंक, दरबाराची पत्रं, एखादा फोटो पडून असेल, तर रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन बघेन. आणि आपल्या गुरुजनांना एवढंच सांगते, तुम्ही आम्हाला निबंध स्वतःच्या शब्दांत लिहायला लावत होतात. पुढच्या सगळ्या शिक्षणात मला तेवढंच करायचं होतं.