महाविद्यालयीन विद्यार्थी मद्यपान कां करितात?

(ज्युबिलीनिमित्त संगमनेर येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं दारूचा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु मागील पिढ्यांचे उपकार स्मरण्याचा हा दिवस जसा आहे, तसाच पुढील पिढीची काळजी वाहण्याचाही आहे. आणि ती पिढी आज महाविद्यालयाच्या बांकांवर बसलेली आहे. म्हणून आपली क्षमा मागून मी हा विषय हातीं घेतों.

प्रवरा व म्हाळुंगी यांच्या संगमावरचें हें आपलें गांव आतां विद्येचेंही गांव झालें आहे. १९६१ सालीं येथें महाविद्यालय निघालें. १९८३ सालीं अमृतवाहिनीचें अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालें. अकोले तालुक्यांतील डोंगरदऱ्यांतून, आपल्याच तालुक्याच्या पठार भागांतून मुलें येथें शिकावयास येतात. पुष्कळांच्या घराण्यांत महाविद्यालयाची पायरी चढणारें तें पहिलेंच माणूस असतें. तिघेचौघे मिळून भाड्याच्या खोलींत राहतात. आईबापांची नजर प्रथमच दूर झालेली असते, आणि नव्या गांवांत आपलें म्हणावें असें कोणी नसतें.

अशा मुलाच्या हातीं पेला कां येतो? आपण वडील माणसें याचें उत्तर झटपट देतों. कोणी म्हणतो, संगत वाईट. कोणी म्हणतो, खिशांत पैसा खुळखुळतो. कोणी सिनेमास दोष देतो. परीक्षेची धास्ती, नापास झाल्याची लाज, मनाची निराशा हींही कारणें खरीं आहेत. तथापि या सर्वांच्या तळाशीं आणखी एक कारण आहे, आणि तें मला एका विद्यार्थ्यानेंच शिकविलें.

तो म्हणाला, “सर, त्या रात्रीं खोलींत आम्ही चौघे होतों. बाटली आली. मला ती नको होती; पण बाकीच्यांना हवी आहे असें समजून मीं पेला उचलला. पुढें इस्पितळांत एका खाटेभोंवतीं बसलों असतां एकमेकांशीं मोकळेपणानें बोललों, तेव्हां कळलें कीं, चौघांनाही ती नको होती!” त्या रात्रीं हे चौघे दोन मोटारसायकली घेऊन पुणें-नाशिक रस्त्यावर गेले होते. त्यांतील एकाचा पाय गेला. ज्या बापानें मुलाच्या फीसाठीं गाय विकली होती, त्यानेंच मग इस्पितळाच्या खर्चासाठीं जमीन गहाण टाकली.

ही केवळ त्या चौघांचीच गोष्ट आहे असें समजूं नका. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांत डेबोरा प्रेंटिस व डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांस दोन प्रश्न विचारले: येथील मद्यपानाची रीत तुम्हांस स्वतःस कितपत पसंत आहे, आणि इतरांस ती कितपत पसंत असेल? १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, इतरांस ही रीत आपल्यापेक्षां अधिक पसंत आहे, असाच विद्यार्थ्यांचा सर्वसाधारण समज होता. आतां विचार करा: प्रत्येक जण इतर सर्वांहून अधिक नाखूष कसा असूं शकेल? अर्थात् हा समजच खोटा. मनांतून नको असलेली दारू, कोणासही फारशी नको असतांना, केवळ एकटें पडण्याच्या भीतीनें प्याली जाते. माझ्या मतें विद्यार्थ्यांच्या मद्यपानाचें मुख्य कारण तहान नव्हे. सोबत हें आहे.

या भीतीस अज्ञानाची जोड मिळते. “बिअर म्हणजे कांहीं दारू नव्हे,” असें मुलें सर्रास म्हणतात. हिशेब करून पाहा. ६५० मिलिलिटरच्या बाटलींतील कडक बिअरमध्यें मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ८ असेल, तर तींत ५२ मिलिलिटर मद्यार्क असतो. शेंकडा ४२.८ प्रमाणाच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगांत तो सुमारें २६ मिलिलिटर असतो. म्हणजे एक बाटली ही दोन मोठ्या पेगांबरोबर झाली! रक्तांत गेलेला मद्यार्क यकृत आपल्या संथ गतीनेंच काढून टाकतें; कॉफीनें किंवा थंड पाण्याच्या स्नानानें त्यास घाई करतां येत नाहीं. आणि सर्वांत आधीं झोंपी जातो तो विवेक. पाय लटपटण्यापूर्वींच सारासारविचार गेलेला असतो. शिवाय मनुष्याच्या मेंदूची वाढ पंचविशीच्या सुमारापर्यंत चालूच असते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं महाराष्ट्रांत सौम्य बिअर व वाइन यांसाठीं २१ वर्षांची आणि इतर मद्यासाठीं २५ वर्षांची अट आहे, ती उगीच नव्हे.

आतां एक कटु गोष्ट. मुलांनीं हा खोटा समज कोठून उचलला? हळदीच्या रात्रीं आणि वरातीपुढें आपणच जें दाखवितों, त्यांतून. काना येथील लग्नाचा दाखला देऊन कोणी आपलें समर्थन करील. ख्रिस्तसभा द्राक्षारसास पाप म्हणत नाहीं, अतिरेकास म्हणते, हें खरें. परंतु काना येथें प्रभूनें यजमानाची लाज राखली, आणि आपल्या वरातींतील बाटली यजमानाची लाज घालविते, हा भेद आपण विसरतों.

या ठिकाणीं डब्लिन शहरांतील मॅट टॅल्बट या गरीब मजुराचें स्मरण होतें. त्याचा जन्म १८५६ चा. सुमारें बाराव्या वर्षीं तो मद्याच्या व्यापाऱ्याकडे कामास लागला, आणि तेथेंच त्यास व्यसन जडलें. १८८४ सालीं एके दिवशीं खिसा रिकामा असतां तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्या सोबत्यांस त्यानें अनेकदां पाजली होती, त्यांतील एकानेंही त्यास विचारलें नाहीं. तो घरीं परतला व त्यानें मद्य न पिण्याची शपथ घेतली. तीही प्रथम केवळ तीन महिन्यांची. ती त्यानें १९२५ सालीं मृत्यु येईपर्यंत पाळली. १९७५ सालीं पोप सहावे पॉल यांनीं त्यास ‘वंदनीय’ घोषित केलें. पेल्याची सोबत किती खरी असते, हें त्यास त्या एका सायंकाळीं कळलें.

तेव्हां, विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळीं बाटली आली तर प्रथम बोलण्याचें धैर्य धरा. “मला नको,” एवढे दोनच शब्द पुरेत. खोलींतील आणखी एक दोघे त्याच शब्दांची वाट पाहत असतील. आईबापांनो, मुलगा सुटीस घरीं आला म्हणजे गुणांइतकीच त्याच्या मित्रांचीही चौकशी करा. आणि त्याच्या हातून चूक झाली, तर ती तुमच्याजवळ बोलतां येईल असें घर ठेवा. आणि आपण धर्मग्रामस्थांनीं, परगांवाहून आलेल्या मुलांस रविवारच्या मिस्सेनंतर नुसता नमस्कार करून निरोप देऊं नये; त्यांतील एकास तरी घरीं जेवावयास न्यावें. जेथें खरी सोबत मिळते, तेथें खोटीची गरज उरत नाहीं.

परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धि व बळ देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.