लंडनच्या परसात हिमालयाचे झाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



परसबागेविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून मी एकच जोडी निवडली आहे : ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया. एप्रिल-मे महिन्यांत लंडनच्या रस्त्याने जाताना ज्या फुलांपुढे आपली पावले थबकतात, तीच ही झुडपे. हौसेने ती घरी आणावीत आणि दोन वर्षांत पाने पिवळी पडून ती झुरावीत, हा अनुभव आपल्यातल्या कितीजणींचा आहे!

शास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही एकाच घरची. अझेलियाच्या फुलात बहुधा पाच पुंकेसर असतात, ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलात दहा किंवा अधिक. ओळखायला एवढी खूण पुरे. यांपैकी पुष्कळांचे माहेर आपला हिमालय आहे. जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमच्या डोंगरांत हिंडून अनेक जातींचे बी इकडे क्यूच्या बागेला पाठवले. माहेरी या झाडाला काय सवय होती, हे ध्यानात घेतले की त्याची निगा आपोआप समजते. तिथे उतारावरून पाणी वाहून जाते, पायाशी कुजलेल्या पाल्याची जाड गादी असते, वर धुके असते आणि माती आंबट असते.

इथे पहिली अडचण येते ती चुन्याची. आपल्या किटलीच्या बुडाशी पांढरे पुट धरते ना? तोच चुना नळाच्या पाण्यातून कुंडीत जातो. मग मुळांना लोह घेता येत नाही. पान पिवळे पडते, शिरा मात्र हिरव्या राहतात. म्हणून पन्हाळीखाली एक पिंप ठेवावे आणि पावसाचे पाणी साठवून तेच घालावे. बागेतल्या मातीची तपासणी करण्याचे साधन दुकानात स्वस्त मिळते. पीएच पाच ते सहा आला तर झाड जमिनीत लावावे. सातच्या वर गेला तर मातीशी भांडत न बसता मोठी कुंडी घ्यावी आणि ‘इरिकेशस’ असे लिहिलेले, पीटविरहित खत-मिश्रण भरावे.

दुसरी अडचण आपल्या मायेची आहे! आपण झाडाला चुलीतली राख घालतो, अंड्याची टरफले चुरून घालतो, खुरप्याने आळे उकरतो. गुलाबाला हे मानवेल. पण राख आणि टरफले यांनी मातीचा आंबटपणा जातो, आणि या झाडाची केसासारखी बारीक मुळे अगदी वरवर असल्याने खुरप्याने तुटतात. तेव्हा उकरू नये. पाइनच्या सालीचा किंवा कुजलेल्या पानांचा थर वर पसरावा, मात्र खोडाला चिकटवू नये. लावतानाही मुळांचा गड्डा पूर्वी होता त्याहून खोल पुरू नये.

फुले सुकली की ती बोटांनी अलगद मोडावीत. खालचे कोवळे कोंब सांभाळावेत. छाटणी करायची तर बहर संपताच करावी. पुढल्या वर्षाच्या कळ्या उन्हाळ्याच्या अखेरीसच धरतात. नेमके तेव्हाच आपण सुट्टीला भारतात जातो आणि झाड तहानलेले राहते. जुलै ते सप्टेंबर पाणी घालण्याचे काम शेजारणीवर सोपवून जावे.

नाताळात दुकानांत मिळणारी नाजूक अझेलिया ‘इंडियन’ म्हणवते. पण तिचे मूळ चीनकडचे. ती थंडीत बाहेर टिकत नाही आणि हीटरजवळही टिकत नाही. थंड, उजेडाच्या खिडकीत ठेवून कुंडी अधूनमधून पावसाच्या पाण्यात बुडवून काढावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. उत्तराखंडात बुरांश या तांबड्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांचे सरबत करतात, हे आपण ऐकले असेल. म्हणून इथल्या बागेतली फुले कृपा करून खाऊ नका, सरबतातही घालू नका. या कुळातील पुष्कळ जातींची पाने, फुले आणि मधसुद्धा विषारी असतात. त्यांनी ओकाऱ्या होतात, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. काळ्या समुद्राकाठी असाच मध खाऊन झेनोफनचे ग्रीक सैनिक आडवे झाले होते. रांगते मूल घरात असेल तर कुंडी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. कोणी पान चावले असे वाटले, तर घरगुती उपाय करत न बसता लगेच डॉक्टरांना विचारावे.

झाड विकत घेण्याआधी रिचमंड पार्कमधील इझाबेला प्लँटेशन मेच्या आरंभी एकदा अवश्य पाहा. झाडांची सावली, पायाशी पाला, वाहते पाणी, हे सारे तिथे प्रत्यक्ष दिसते. आपल्या परसात त्यातले थोडे जरी साधले, तरी हे झाड आपल्या नातवंडांनाही फुले दाखवील.