समाधानाचा ताळेबंद



नोकरी ‘लागली’ असे आपण म्हणतो. ती निवडली असे क्वचितच म्हणतो. एकदा ती लागली की घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी यांची सोय होते. याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु नोकरी लागली तरी तिच्यात मन लागले का, हा प्रश्न मागे उरतोच आणि चाळिशी-पंचेचाळिशीच्या सुमारास तो डोके वर काढतो.

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा असंख्य मध्यमवर्गीय घरांना या प्रश्नाला सामोरे जावे लागले. सेवेची १५ वर्षे किंवा वयाची ४० वर्षे पूर्ण केलेल्यांना ती योजना खुली होती. सुमारे एक लाख कर्मचारी तिचा लाभ घेऊन बाहेर पडले. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचे वेतन किंवा उरलेल्या सेवाकाळाचे वेतन, यांपैकी जे कमी ते मिळणार होते. हा हिशेब कागदावर मांडता येत होता. मात्र निवृत्तीनंतर सकाळी दहा वाजता काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नव्हते. ते ज्याचे त्यालाच शोधायचे होते.

ते शोधण्याआधी असमाधानाचे निदान व्हावयास हवे. वेतन अपुरे आहे, मान मिळत नाही, की कामातच रस उरलेला नाही? ही तिन्ही दुखणी वरवर सारखी दिसतात. उपाय मात्र निरनिराळे असतात. ज्याला वेतन अपुरे पडते, त्याला व्यवसाय बदलण्याची गरज नसते. दुसरी नोकरी पुरते. ज्याला कामाचाच वीट आला आहे, त्याला बढती मिळाली तरी तो वीट नव्या खुर्चीतही त्याची सोबत सोडत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १८६९ मध्ये जन्मलेला हा तरुण चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथे आपल्याला अंशतः रंगांधळेपणा आहे, हे त्याला कळले आणि रंगकामाचा मार्ग खुंटला. यांत्रिक आरेखनाला मात्र रंगांची पारख लागत नव्हती. ती विद्या त्याने आत्मसात केली आणि तिच्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. एक ध्येय हातचे गेले, तरी त्याच शाळेत शिकलेली रेषा उपयोगी पडली.

पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. यंत्रांची ओढ कायम होती. दुखावला होता तो स्वाभिमान. म्हणून त्यांनी नोकरी सोडली, यंत्रे सोडली नाहीत. शिवाय हा राजीनामा अंधारातली उडी नव्हती. मुंबईत नोकरी करीत असतानाच ते सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत आणि बंधू रामूअण्णा त्या तेथे विकत. नव्या घराचा पाया आधी घातला गेला, मग जुने घर सुटले.

त्यानंतरही यश चटकन आले नाही. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले लोखंडी नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. मग बेळगावची जागाही सोडावी लागली. त्या संकटात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी माळरान आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या वेळी लक्ष्मणरावांनी चाळिशी ओलांडली होती.

प्रत्येकाने कारखानदार व्हावे, असा याचा अर्थ नव्हे. बहुसंख्यांना नोकरीतच राहायचे आहे आणि त्यात कमीपणा नाही. परंतु तेथेही नवे ध्येय ठेवता येते. हाताखालच्या तरुणाला आपले काम शिकवून तयार करणे, कामाची नवी पद्धत शिकून घेणे, सुटलेला अभ्यास पुन्हा हाती घेणे, हीही ध्येयेच आहेत. मात्र ध्येयाला मुदत हवी आणि घरच्यांची संमती हवी. रामूअण्णांवाचून बेळगावचे दुकान चालले नसते, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा येत्या रविवारी पती-पत्नींनी एकत्र बसून वहीत तीन रकाने आखावेत. कोणते काम करताना वेळेचे भान राहत नाही, ते पहिल्यात लिहावे. नेमके काय खुपते, ते दुसऱ्यात. आणि आजची नोकरी न सोडता येत्या सहा महिन्यांत काय सुरू करता येईल, ते तिसऱ्यात. तिसरा रकाना कोरा राहिला, तर राजीनाम्याची घाई करू नये. त्यात एक ओळ जरी उतरली, तरी सोमवारपासूनच त्या कामाला लागावे.