ब्लास्केटचा समुद्र

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, केरी परगण्याच्या किनाऱ्यासमोर ग्रेट ब्लास्केट नावाचं बेट आहे. वस्ती भरात होती तेव्हाही माणसं दोनशेच्या आतच. दुकान नाही, डॉक्टर नाही, चर्च नाही. काहीही लागलं की होडी पाण्यात घालायची. ही होडीसुद्धा कसली, तर लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून त्याला डांबर फासलेलं! या एवढ्याशा गावातून 1929 ते 1936 या काळात आयरिश भाषेतली तीन मोठी आत्मकथनं आली: तोमास ओ क्रिहन, मॉरिस ओ सलिव्हन आणि पेग सेयर्स यांची.

तोमास कोळी होते. आयरिश लिहायला ते शिकले, तेव्हा तारुण्य मागे पडलं होतं. कोळ्या-शेतकऱ्यांच्या जगण्यातूनही साहित्य होतं हे त्यांना पटावं, म्हणून बेटावर आलेल्या एका मित्रानं त्यांना गॉर्की आणि पिएर लोती यांच्या लेखनाची ओळख करून दिली. तोमास यांच्या पुस्तकात समुद्राच्या सौंदर्यावर फारसे शब्द खर्ची पडलेले नाहीत. तिथे बांगडे आहेत, शेवंडी आहेत, सीलची शिकार आहे. फुटलेल्या जहाजाचं लाकूड वाहत आलं की ते ओढून आणायची धांदल आहे. 1909 साली त्यांचा एक मुलगा बुडत्या माणसाला वाचवायला गेला आणि स्वतःच बुडाला. बाप हे मोजक्या वाक्यांत सांगतो आणि पुढच्या कामाकडे वळतो. कारण मुलाला गिळणाऱ्या त्याच पाण्यावर उरलेल्या घराचं पोट होतं. समुद्रावर रागावण्याची चैन या माणसांना परवडणारी नव्हती. मला तरी समुद्रावरच्या कितीतरी कवितांपेक्षा ही वाक्यं मोठी वाटतात.

पेग यांची गोष्ट निराळी. त्या मुख्य भूमीवरच्या. लग्न होऊन बेटावर आल्या. त्यांना आयरिश लिहिता येत नव्हतं. त्या सांगत गेल्या आणि मुलानं लिहून घेतलं. त्यांच्या बोलण्यात समुद्र म्हणजे माहेर आणि सासर यांच्यामधलं अंतर.

बेटावरची तरुण मंडळी अमेरिकेला जात राहिली. होड्या वल्हवायला हात उरले नाहीत. वादळात दिवसचे दिवस संपर्क तुटायचा, आजाऱ्यापर्यंत डॉक्टर पोचायचा नाही. अखेर 1953 मध्ये सरकारनं उरलेल्या मूठभर रहिवाशांना समोरच्या किनाऱ्यावर हलवलं. ज्या समुद्रानं त्यांना पोसलं होतं, तो ओलांडण्याइतकी माणसंच आता बेटावर राहिली नव्हती.