सागररंगी खोलीतील तसबीर

नोकरीची कित्येक वर्षे रत्नागिरीस काढून माझी भाची जिंतूरला परतली, आणि सागरकिनाऱ्याची सवय डोळ्यांतून जाईना म्हणून तिने आपल्या बैठकीच्या खोलीला शिंपल्यासारखा मोतिया पांढरा, एका भिंतीला पहाटेच्या खाडीचा फिकट निळा रंग दिला व पडद्यांस ओल्या वाळूच्या रंगाचे कापड पसंत केले, तेव्हा भर वैशाखात भेगाळलेल्या काळ्या रानातून आत येणाऱ्या माणसास तो सौम्य रंगमेळ किती विसावा देतो, हे मी स्वतः अनुभवले. अडले ते तसबिरीपाशी. हौसेने आणलेले समुद्राचे मोठे चित्र निळ्या भिंतीवर लावताच जणू दिसेनासे झाले. भिंतीच्या निळाईत त्याची निळाई विरली आणि उरली ती केवळ चौकट.

अशा खोलीत निळ्याला जोड निळ्याची नको, मातीची हवी, असे माझे ठाम मत आहे. आणि त्याची साक्ष आपल्या मराठवाड्यातच अजिंठ्यास आहे. तेथील चित्रकारांनी गेरू, पिवडी, हिरवी माती आणि काजळ यांवर आपली सृष्टी उभारली, आणि दूर बदकशानच्या खाणीतून आलेला मोलाचा लाजवर्द तांबड्या-पिवळ्याच्या शेजारी असा बेताने योजला की, तो निळा आजही डोळ्यांत भरतो.

दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तर साक्षात गलबत आहे. तीन डोलकाठ्यांचे, रांजण रांगेने मांडलेले. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे, तेथील पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याचा थोरला भाऊ भविल चंदन घेऊन परतताना वादळात सापडतो आणि बुद्धाचा भिक्षू झालेला पूर्ण त्यास तारतो, अशी ती कथा. आमच्या तालुक्यातल्या नदीचे नावही पूर्णाच. हा निव्वळ योगायोग खरा, पण मला तो फार प्रिय आहे.

त्याच गलबताची छापील प्रतिकृती, रुंद नव्हे अशा साध्या सागवानी चौकटीत, आम्ही निळ्या भिंतीवर लावली. प्रथम ती उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत टांगली होती. परंतु आपल्याकडे पाहुणा गादीवर, लोडाला टेकून बसतो, म्हणून खुंटी हातभर खाली घेतली. समोरच्या खिडकीचा उजेड काचेवर चमकून चित्र झाकोळत होते, तेव्हा काच काढून टाकली. आता दिवेलागणीस गलबताचा तांबूस रंग उजळतो, आणि भिंतीचा फिकट निळा त्याच्या भोवती पाण्यासारखा पसरतो.