गळ्यात पाटी, ट्रकवर नाटक
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपल्या मेळाव्यात भाषणे फार होतात. माणसे सकाळी भाकरी बांधून निघतात, दुपारपर्यंत भाव, कर्ज, वीजबिल ऐकतात, आणि चौथा वक्ता उभा राहिला की निम्मा मंडप चहाच्या टपरीवर असतो. त्यांचा दोष नाही. म्हणून आज आम्ही भावाचे गणित मांडणार नाही. एका नाटकमंडळीची हकिकत सांगणार आहोत. मंडळी दूरची, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. पण जन्मली ती शेताच्या बांधावर.

तिथे डेलानो नावाचे गाव आहे. भोवती द्राक्षांचे मोठमोठे मळे. मळे थोड्यांचे, आणि खुडणारे हात मेक्सिकन आणि फिलिपिनो मजुरांचे. सप्टेंबर १९६५ मध्ये फिलिपिनो मजुरांनी काम बंद केले. आठवड्याभराने मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. पहिली उडी कोणाची हे पुढे पुष्कळ जण विसरले, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

त्याच सुमारास लुईस वाल्देझ नावाचा पंचविशीतला पोरगा तिथे आला. जन्म डेलानोचाच, घर शेतमजुराचे. शिकला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाटकमंडळीत राहिला होता. त्याने संपावरच्या मजुरांना एका खोलीत जमवले. लिहिलेले नाटक त्याच्याजवळ नव्हते. होत्या त्या पाट्या. एकीवर 'संपकरी', दुसरीवर 'संपफोड्या'. पाट्या गळ्यात अडकवून त्याने मजुरांना सांगितले की, मळ्यावर रोज जे घडते ते इथे करून दाखवा. ज्यांनी जन्मात कधी नाटकात काम केले नव्हते ते बोलू लागले आणि खोलीत हशा उसळला. अशी 'एल तेआत्रो काम्पेसिनो' उभी राहिली. काम्पेसिनो म्हणजे शेतात राबणारा.

रंगमंच कसला, तर सामानाच्या ट्रकचा उघडा हौदा. पडदा नाही, पाठ केलेले संवाद नाहीत. मळ्यात अजून काम करणाऱ्यांना बाहेर बोलवायचे, तर त्यांना ऐकू जाईल आणि दिसेल असेच नाटक हवे होते.

त्यांचे १९६६ सालचे एक नाटक आहे, 'पाचवा ऋतू'. ते आम्हाला फार आवडते. त्यात उन्हाळा माणसासारखा चालत येतो, अंगरख्यावर सगळीकडे नोटा चिकटवलेल्या. मजूर धावून धावून नोटा तोडतो आणि मागच्या खिशात कोंबतो. त्याच्या पाठीमागे मुकादम. तो त्याच खिशातून नोटा काढतो आणि मालकाच्या हातात देतो. मजुराला पत्ताच नाही! मग हिवाळा येतो, पैसे मागतो, खिसा रिकामा, आणि मजूर मार खातो. पुढच्या वर्षी मजूर उन्हाळ्याला हात लावत नाही. तेव्हा हिवाळा मालकाच्या दारात उभा राहतो. आपला कापूस घरात आल्यापासून होळीपर्यंत आपल्या मागच्या खिशापाशी कोण कोण उभे असते, हे आम्ही सांगायला नको.

पण भावांनो, इथे एक अडचण आहे, आणि ती लपवून ठेवणे बरे नाही. त्या नाटकातला मालक शेतीचाच मालक आहे. मंडळीच्या पहिल्या नाटकांपैकी एकात मालक डुकराचा मुखवटा घालून येतो. गंमत म्हणून तो मुखवटा मजुराला देतो आणि स्वतः मजूर होतो. मग त्याचाच बंदूकवाला पहारेकरी त्याला ओळखत नाही, फरफटत घेऊन जातो. आपले पाच एकर कोरडवाहू आणि त्यांचे मळे यांची बरोबरी नाही, हे खरे. तरी निंदणाच्या, वेचणीच्या बायांसमोर आपल्या तोंडावर कोणता मुखवटा असतो? आमच्यातल्या काहींना हा प्रश्न आवडला नाही. आम्हालाही पहिल्यांदा आवडला नव्हता.

१९६६ च्या मार्च-एप्रिलमध्ये संपकरी डेलानोहून राजधानी साक्रामेंटोला पायी निघाले. पंचवीस दिवसांची चाल. मुक्कामाच्या गावी रात्री मंडळी नाटक करायची. पायाला फोड आलेली माणसे ते बघायला बसायची. संप पुढे १९७० पर्यंत चालला, तेव्हा कुठे बहुतेक द्राक्षमालकांनी करारावर सह्या केल्या.

मंडळी मात्र १९६७ मध्येच संघटनेतून वेगळी झाली. संघटनेला प्रत्येक माणूस संपाच्या कामाला हवा होता, नाटकाला तालीम हवी होती. कोण चुकले? आमच्या मते कोणीच नाही. पण ट्रकवरचे नाटक बांधावरून उठले की त्याच्यातले काहीतरी जाते, असे आम्हाला वाटते. वाल्देझ पुढे मोठ्या नाट्यगृहात गेला, सिनेमे केले. मंडळीने १९७१ मध्ये सान हुआन बाउतिस्ता या लहान गावी बिऱ्हाड केले.

आज रात्री जेवणानंतर शाळेच्या पटांगणात ट्रॅक्टरची ट्रॉली लागेल. पुठ्ठे आणि सुतळी आम्ही आणली आहे. लिहिता येत नसेल तर पाटी आम्ही लिहून देऊ. वेचणीच्या बायांपैकी एकीने मालक व्हायला होकार दिला आहे. तिचा मालक मजूर व्हायला तयार आहे का, ते अजून कळलेले नाही.