दूरध्वनीची गर्दी आणि मार्कोव्हची साखळी

१९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर होती. पुढे राजधानी भोपाळला गेली आणि २००० साली छत्तीसगढ राज्य निर्माण झाल्यावर ती रायपुरातच आली. तथापि नागपूरशी असलेला आप्तसंबंधांचा व व्यापाराचा धागा तुटला नाही. अशा दोन शहरांमध्ये दूरध्वनीच्या लाइनी किती असाव्यात, हा प्रश्न वरवर साध्या हिशेबाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी संभाव्यतेचा एक सूक्ष्म सिद्धांत आहे.

श्रोत्यांनी अशी कल्पना करावी की, लाइनी दहा आहेत आणि एकही कॉल नाकारला गेला नसता, तर सरासरीने एका वेळी आठ संभाषणे चालू राहिली असती. आठांना दहा पुरतील, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात मात्र दर शंभर कॉलांपैकी सुमारे १२ कॉलांना सर्व लाइनी गुंतलेल्या आढळतील. लाइनी १५ केल्या, म्हणजे हे प्रमाण शेकडा एकाच्या खाली येते. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील गणिती ए. के. अर्लांग यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या सूत्रावरून हे आकडे निघतात.

अर्लांग यांचे हे सूत्र आज मार्कोव्ह प्रक्रियेच्या भाषेत मांडले जाते. या क्षणी किती लाइनी गुंतल्या आहेत, ही झाली व्यवस्थेची 'अवस्था'. नवा कॉल आला की ती एकाने वाढते, संभाषण संपले की एकाने घटते. पुढे काय होण्याचा किती संभव आहे, हे केवळ वर्तमान अवस्थेवरून ठरते. त्या अवस्थेपर्यंत व्यवस्था कोणत्या मार्गाने आली, याची चौकशी करावी लागत नाही. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी अशा साखळ्यांचा अभ्यास १९०६ पासून मांडला आणि १९१३ साली पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातील २०,००० अक्षरांमधील स्वर-व्यंजनांचा क्रम तपासून त्याचा पडताळा दाखविला.

परंतु या गणितात एक गृहीत दडलेले आहे : कॉल करणारी माणसे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. शालान्त परीक्षेचा निकाल संगणकावर जाहीर होतो, तेव्हा रायपूरपासून बस्तरपर्यंतचे विद्यार्थी एकाच घटकेला एकच पान उघडू पाहतात. तेथे स्वातंत्र्य कुठले? अमेरिकेतील बेलकोर या संस्थेने १९८९ ते १९९२ या काळात आपल्या संगणक-जाळ्यावरील वाहतूक मोजली. तीत क्षणाक्षणाला दिसणारे चढउतार तासांच्या मापावरही तसेच टिकून राहिलेले आढळले. सरासरी काढल्याने लाटा शमतात, हा दूरध्वनीचा अनुभव तेथे लागू पडला नाही.

यावरून मार्कोव्हची पद्धत टाकाऊ ठरते काय? नाही. अवस्थेच्या वर्णनात 'शांत काळ' आणि 'गर्दीचा काळ' असा भेद समाविष्ट केला, तर तीच पद्धत या लाटांचाही पुष्कळ अंशी अंदाज देते. भूतकाळ विसरण्याचा अधिकार गणिताला आहे. मात्र त्यातील जे भविष्यावर परिणाम करणारे आहे, ते वर्तमानाच्या वर्णनात आधी उतरले पाहिजे. ही दक्षता सुटली की आकडे निर्दोष दिसतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी माणसाचा संपर्क तुटतो.